जुन्या सर्व्हरची नवी मांडणी

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील आणि क्षणभर उघडावं की नाही असंही वाटलं असेल. पत्ता तुझ्या मावशींकडून घेतला. भाजीच्या दुकानात त्या भेटल्या, मी विचारला आणि त्यांनी एकही प्रश्न न विचारता माझ्या यादीच्या कागदामागे लिहून दिला. फोन नंबरही देत होत्या, पण मी तो घेतला नाही. छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडून दिले, पण स्वतः बोलायची वेळ आली की मी हवापाण्याचं बोलते आणि ठेवून देते. तुला काही ते नवीन नाही.

आधी बातमी सांगते. आपल्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयाला अखेर सर्व्हर मिळाला. तू किती वर्षं मागे लागली होतीस की साध्या कॉम्प्युटरवर एवढी रेकॉर्डिंग ठेवणं म्हणजे दिवस ढकलणं आहे. तो कॉम्प्युटर या वर्षी खरंच टेकीला आला. ऐकणाऱ्यांनी पुस्तक मागितलं की मध्येच बंद पडायचा आणि मग फोनवर दिलगिरी व्यक्त करत बसायचं काम माझ्याकडे. अशात खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचं एक विमा कार्यालय बंद झालं आणि त्यांनी आपला सर्व्हर आम्हाला देऊन टाकला. दोन हमालांनी तो जिन्यावरून वर आणला. एवढं लांबरुंद आणि जड धूड, की ठेवायचं कुठे हाच पहिला प्रश्न. शेवटी आपल्या संगीताच्या मास्तरांची बाजाची पेटी हलवून तिथे जागा केली. मास्तर रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “आवाज कोणत्या सुरात करतो ते तरी बघू.” चालू केल्यावर पंखे असे घोंघावले की खालून दवाखान्यातला पेशंट वर येऊन विचारून गेला, काय झालं म्हणून.

मी पहिल्याच दिवशी घाई केली. थेट पेनड्राइव्ह लावला आणि ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला बसले. पडद्यावर एकच भली मोठी डिस्क दिसत होती. मी खूश. पुढचं बटण दाबणार, एवढ्यात तुझी वही आठवली. ग्रंथालयाच्या कपाटात खालच्या खणात ठेवून गेली होतीस ती, वर ‘आईंसाठी’ लिहिलेली. इतकी वर्षं मी तिच्यातली पहिली चार-पाच पानंच वापरली होती, प्रिंटर अडला तर काय आणि रेकॉर्डिंगची प्रत कशी काढायची एवढ्यापुरती. पुढची पानं चाळली तर एका पानावर मथळा होता, ‘कोणी जुना सर्व्हर दिला तर’. खाली पहिलीच ओळ, ‘हो म्हणा. पण आधी डिस्कांची मांडणी पाहा, ऑपरेटिंग सिस्टिम नंतर. आधीच्या लोकांनी काय करून ठेवलंय ते आपल्याला माहीत नसतं.’ मी पेनड्राइव्ह काढला आणि मुकाट्याने वही पहिल्यापासून वाचायला घेतली.

रेड म्हणजे काय ते तू इतकं सोपं लिहिलंयस की मी ते मास्तरांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. अनेक डिस्क एकत्र बांधायच्या आणि यंत्राला एकच डिस्क आहे असं भासवायचं. कशा बांधल्या त्यावर सगळं अवलंबून. शून्य नंबरच्या पद्धतीत जागा भरपूर, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. सहा नंबरच्या पद्धतीत दोन डिस्कांएवढी जागा सोडून द्यायची, मग दोन गेल्या तरी रेकॉर्डिंग शाबूत. शेवटी तू लिहिलंयस, ‘जागेचा मोह नको. मास्तर मोह करतील, ऐकू नका.’ हे वाचल्यावर मास्तर पोट धरून हसले आणि मग खरंच म्हणाले, “दोन डिस्क नुसत्या बसून राहणार?”

सर्व्हर सुरू होताना पडद्यावर एक ओळ येते आणि तेवढ्यात कंट्रोल आणि आर दाबलं तरच डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाची यादी उघडते. ती ओळ डोळ्याचं पातं लवायच्या आत जाते. माझी तीनदा हुकली. प्रत्येक वेळी बंद करून पुन्हा चालू, पुन्हा पंख्यांचं घोंघावणं. चौथ्यांदा मी ओळीची वाटच पाहिली नाही, आधीपासूनच दाबत बसले. उघडली. बघते तर तुझा अंदाज अगदी बरोबर. विमावाल्यांनी चार डिस्क शून्य नंबरने बांधल्या होत्या आणि दुसऱ्या कुठल्यातरी यंत्रातून काढलेल्या दोन डिस्क शेजारी खुपसल्या होत्या. त्या दोन्हींपुढे ‘परकी’ असं लिहून येत होतं. मी तशीच पुढे गेले असते तर आपली सगळी पुस्तकं त्या चार डिस्कांच्या भरवशावर राहिली असती.

पुसायच्या आधी मी विमा कार्यालयातल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आमचं सगळं केव्हाच दुसरीकडे नेलं, खुशाल पुसा. तरी ‘यावरचं सगळं नष्ट होईल’ अशी सूचना आली तेव्हा माझा हात थांबला. मास्तरांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, कोणाचं तरी वर्षानुवर्षांचं काम आहे. ते म्हणाले, “त्या बाई हो म्हणाल्या ना? मग तुम्ही कशाला रडताय?” मी दाबलं. आधी परकी मांडणी पुसली, मग जुनी, आणि सहाही डिस्क मोकळ्या झाल्या.

मग एक डिस्क कुरकुरायला लागली. खरं तर दिवा हिरवाच होता आणि यादीतही ती ठीक दिसत होती. पण मास्तर खुर्ची ओढून सर्व्हरसमोर बसले, एकेका खणावर बोट टेकवत, कान लावत गेले आणि म्हणाले, “डावीकडून तिसरी. घासतेय.” मी म्हटलं, यंत्र तर ठीक म्हणतंय. ते म्हणाले, “यंत्राला कान कुठे आहेत?” मी यादीत त्या डिस्कच्या आत जाऊन पाहिलं तर चुकांचा आकडा शेकड्यांत. जुन्या सामानाच्या दुकानातून तेवढ्याच क्षमतेची दुसरी आणली, बसवून तिचाही कान लावून निकाल घेतला आणि मगच ती कायम केली. पुढच्या दिवशी सकाळी सहाही डिस्क सहा नंबरने बांधल्या. नव्या मांडणीची तयारी व्हायला सबंध दिवस लागला. टक्के एकेक करून वाढत होते आणि मास्तर शेजारी बसून दर थोड्या वेळाने “किती?” विचारत होते, जणू कोणाचं बाळंतपण चाललंय.

अडलं ते बॅटरीपाशी. कार्डावरची बॅटरी मेली आहे अशी तक्रार येऊ लागली आणि दोन पर्याय दिसू लागले. कुठला घ्यायचा ते मला कळेना. मावशींकडून तुझा नंबर मिळवावा आणि विचारावं असं मनात आलं. मग वाटलं, चार वर्षांनी फोन करायचा आणि तोही कामासाठी, हे शोभत नाही. म्हणून वहीत बॅटरी शोधत सुटले. मिळालं. ‘बॅटरी नसेल तर लिहिणं हळू होऊ द्या, थेट डिस्कवर. वेग नको, खात्री हवी.’ जीव भांड्यात पडला. पण त्याच पानावर खाली तू आणखी एक नोंद करून ठेवली होतीस. यूपीएसची बॅटरी आज बदलली, आणि पुढे तारीख.

ती तारीख वाचून मी वही मिटली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मास्तर काय झालं विचारत होते.

माझ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतरची ती तारीख, आठव्या दिवसाची. आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो रविवार होता, त्याचं शेवटी लिहिते. इतकी वर्षं मी समजत होते की ती वही आपल्या चांगल्या दिवसांतली आहे, कधीतरी हौसेने लिहिलेली. तिच्यातलं एवढं मोठं अक्षर पाहून मला मनातून थोडा रागही यायचा, म्हातारी समजते मला, असं वाटायचं. माझ्या एका डोळ्यावर पट्टी होती म्हणून तू ते अक्षर तसं काढलं होतंस, हे मला परवा कळलं. दिवसातून चार वेळा माझ्या डोळ्यात थेंब घालत होतीस, डोकं मागे धरून, एक शब्द न बोलता. मला वाटायचं, हिचा राग नवऱ्यावर, माझ्या मुलावर आहे. माझ्यावरही होता आणि तरी तू संध्याकाळी ग्रंथालयात बसून माझ्यासाठी पानं भरत होतीस. दीड महिन्याने तू बॅग घेऊन गेलीस. पुढे कळलं की परगावच्या ज्या कंपनीने तुला बोलावलं होतं, तिथली जागाही तोवर भरून गेली होती.

ग्रंथालयाचं आता नीट चाललंय. ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना सहाऐवजी एकच डिस्क दिसली, हवी तेवढ्याच जागेची. सगळी रेकॉर्डिंग चढवायला तीन दिवस लागले. जुना कॉम्प्युटर खाली न्यायला मुलाला बोलावलं होतं. तो आला तेव्हा मी त्याला सांगितलं की मी तुला पत्र लिहिणार आहे आणि काय लिहिणार आहे तेही सांगितलं. तो वायरी गुंडाळत होता. शेवटची वायर बांधून झाल्यावर म्हणाला, “मी तुझं नाव घ्यायला नको होतं तेव्हा.” मग कॉम्प्युटर उचलून जिना उतरून गेला. तो वाईट नाही गं, हे तुलाही माहीत आहे. पण त्याची बाजू मांडायला मी हे लिहीत नाही. माझी बाजू मांडायला तर मुळीच नाही.

त्या रविवारी दुपारी आपण तिघं जेवणाच्या टेबलाशी होतो. मी मटार सोलत होते. तू परगावच्या नोकरीचं बोललीस, सर्व्हरांच्या एवढ्या मोठ्या मशिनरूमची प्रमुख, दोनच वर्षांचा प्रश्न. तो म्हणाला, “आईलाही हे पटत नाही. विचार तिला.” तू विचारलं नाहीस, नुसतं माझ्याकडे पाहिलंस. आणि मी मटार सोलत राहिले. भिंगरी, मला ते पटत होतं. आदल्या संध्याकाळी त्याने मला स्वयंपाकघरात विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, जाऊ दे तिला, एवढी हुशार पोर, तूही जा तिच्याबरोबर, मी राहीन एकटी. त्यातले शेवटचे तीन शब्द तेवढे त्याने उचलले. ते मी तिथल्या तिथे दुरुस्त करू शकले असते, एका वाक्याचं काम होतं. केलं नाही, कारण तुम्ही दोघं गेलात तर घर रिकामं होईल या विचाराने मी घाबरले होते, आणि तो खोटं बोलला तेव्हा मला आतून हायसं वाटलं होतं. ही गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही, मास्तरांनाही नाही. तू चार वर्षं असं धरून चाललीस की मी तुझ्या आड आले, आणि असं धरूनच माझ्या डोळ्यात थेंब घातलेस. क्षमा कर म्हणायचाही मला हक्क नाही, आणि उत्तर आलंच पाहिजे असंही नाही. तुला एवढंच कळावं म्हणून हे पत्र लिहिलं, की त्या नोकरीसाठी तू जावंस असं तुझ्या घरात एका माणसाला मनापासून वाटत होतं. त्या माणसाने ते तुझ्यासमोर म्हणायला हवं होतं.

तुझीच,
आई