चार काळे गाऊन

थोरल्या जाऊबाईंना वाकून नमस्कार (वाकायला डॉक्टरीणबाईंनी अजून मनाई केलेली नाही). तुमचे गुडघे आणि भावजींचा खोकला कसा आहे? इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

पाळी जाऊन सात वर्षं झाल्यावर मला डाग दिसला, तेव्हा पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं. तुम्ही छातीठोकपणे म्हणालात, अगं, उरलंसुरलं निघतं, मशीनचा पायडल मारणं कमी कर. केलं! दोन महिने गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, शाळेचे गणवेश रखडवले, आणि डाग पुन्हा हजर. शेवटी सूनबाईने चादर पाहिली आणि दंडाला धरून दवाखान्यात नेलं (माझ्याच घरात माझ्या चादरीची झडती!).

तिथे खिडकीतली मुलगी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी विचारते, शेवटची पाळी कधी? सात वर्षं झाली म्हटलं, तर नक्की तारीख हवी (जाताना ती मला सांगून गेली होती का?). मग सोनोग्राफीसाठी लिटरभर पाणी पाजून दीड तास बसवलं. मला धड बसवेना, उठवेना. पोटावरून बघून झाल्यावर म्हणतात, आता रिकाम्या होऊन या, आतून बघायचंय. अहो, मग भरलं कशाला?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात गर्भाशयाचं अस्तर पातळ हवं, तुमचं जाड झालंय. एवढासा तुकडा तपासायला पाठवला. कर्करोग नाही, पण पेशी त्या वाटेला लागल्यात. पिशवी काढली की बहुतेक सुटलात, म्हणाल्या. जाऊबाई, मी फार घाबरले हो. वर त्यांनी झापलं, पहिल्याच डागाला यायचं, वाट कसली बघत होता? आता तिथे तुमचं नाव कसं सांगू? मला तुमचा अतोनात राग आलाय, एवढं कळवण्यासाठीच हे पत्र.

तुमची संतापलेली,
धाकटी जाऊ

ता. क. राग आपल्या जागी, पण शुक्रवारी ऑपरेशनला याच. सूनबाई पडली अबोल. शुद्धीवर आल्यावर मला भांडायला कोणीतरी हवं.

दुसरा ता. क. शुक्रवारी नको, बुधवारीच या. उरलंसुरलं निघतं हे तुम्ही इतक्या खात्रीने कशावरून सांगितलंत, ते काल कापड बेतताना माझ्या डोक्यात आलं. जन्मभर फिकट गाऊन घालणाऱ्या बाईने गेल्या वर्षी माझ्याकडून एकदम चार काळे शिवून घेतले. तेव्हा मी विचारलं नाही, ती माझी चूक. गुरुवारी दहाला तुमच्या नावाने नंबर लावलाय. पाणी मी पाजते.