आधी थोरली बाजू

३ फेब्रु., मंगळ.
के.च्या अण्णांनी बोलावलं. वाटलं, के.वर माझा जीव आहे ते कळलं बहुतेक. तर म्हणाले, "कॉलेज सोडून दिवसभर मोहल्ल्यात चकरा मारतोसच ना? मग एक काम कर." के.चं लग्न ठरलं. आमंत्रणं घरोघर पायी जाऊनच द्यायची, आणि पुण्याचे पाहुणे देवासात हरवणार. म्हणून नकाशा मी काढायचा. आपल्या लोकांचं प्रत्येक घर, नाव, माणसं किती.
के. चहा ठेवून गेली. बघितलंसुद्धा नाही.
अण्णांनी बजावलं, "आधी थोरली पाती, मग धाकटी. उलटा फिरू नकोस हां!" पाती म्हणजे एकाच रस्त्याच्या दोन बाजू, दोन राजांच्या. राजे गेले, रुसवे राहिले.

५ फेब्रु.
मुद्दाम धाकटीकडून सुरू केलं. डोकं गरमच होतं. पावलं मोजत, नकाशा जुन्या ड्रॉइंग शीटच्या मागे. एकवीस घरं. जिथे तिथे, "नवरामुलगा काय करतो रे?" एकांना म्हटलं, मला काय विचारता, जाऊन बघा.
परतताना के. दारात. विचारणारच होतो, तू स्वतः हो म्हणालीस का. नाही जमलं.

६ फेब्रु.
थोरली बाजू. पहिलंच घर, पेंडसे काकू. "अरे, आत्ताच तर लिहून घेऊन गेलास!"
मी नाही, म्हटलं.
"मघाशी वाकून नमस्कार केलास, लाडू खाल्लास. आता असा दारात फुगून का उभा?" ओट्यावर बशी. लाडवाचा चुरा.
पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढेही. कोपऱ्यावरचा पोहेवाला, "भिया, अभी तो उधर से गए! आज बड़े खुश लग रहे थे."
कुणीतरी मजा घेतंय. सापडला की फोडतो.

७ फेब्रु.
भर दुपार, रस्ता रिकामा. धाकट्या बाजूनं चाललो. पलीकडे चपलांचा आवाज, माझ्याबरोबरीनं. मी थांबलो. एक पाऊल जास्त वाजलं, मग थांबलं. समोर नुसती बंद दारं.
घरी शीट उघडली. थोरली बाजू पूर्ण भरलेली. अक्षर माझंच, पण इतकं सुबक मी कधी... शीट काल परतल्यापासून माझ्या उशाखाली होती.

९ फेब्रु.
आई म्हणते, ताप आहे. नाहीये.

१० फेब्रु.
उद्या पाहुणे येणार, परवा पहिली अक्षत गणपतीला. मग संपलंच. चारला के.कडे गेलो. जिन्यात चारदा वाक्य जुळवलं.
दार के.नंच उघडलं. डोळे लाल. मी तोंड उघडायच्या आत, "आता परत काय? मघाशी विचारलंस, मी सांगितलं ना!"
"काय सांगितलंस?"
"चेष्टा नको करू रे." दार लागलं.
रडली होती. पण दार लावताना हसली का? नीट पाहिलं नाही, गाढवासारखा.
खाली ओट्यावर बसून लिहितोय. ती काय म्हणाली ते फक्त त्याला माहीत. पलीकडे चपला वाजताहेत, सावकाश, देवीच्या टेकडीच्या दिशेनं. आता फोडायचा नाही त्याला. फक्त गाठायचा.
उठतो. या वेळी थोरल्या बाजूनं.