शेवटच्या रांगेतली आई

विशाखा,

तू उठायच्या आत मी पहिल्या गाडीनं पारनेरला मावशीकडं निघाले. भाकरी टोपल्यात हाय. पिठलं झाकून ठिवलंय, गरम करून खा.

काल तुझ्या प्रयोगाला येऊ नको, दगदग व्हईल, म्हनालीस. तरी मी आले. शेवटच्या रांगेत बसले हुते. सुरवातीलाच तू सांगितलंस, ही माझीच कहानी, ह्यातला शब्द न् शब्द खरा. आन् मग उसाच्या फडात तू मला मारून टाकलंस.

त्या दिशी ऊन लागून मी पडले, हे खरं. पन तू तांब्या घेऊन पळत आलीस, तोंडावर पानी मारलंस, म्हनून मी उठले. एवढीशी हुतीस. ज्याला त्याला तुझं कवतिक. नाटकात तू पानी घेऊन पोचतीस तवर मी गेलेली असते. असं का केलंस गं?

बाजूला बसलेल्या बाईनं माझा हात धरला. म्हनाली, "आईबिगर लई सोसलं पोरीनं." मी व्हय म्हनाले. मला बी रडू आवरंना, इतकं तू खरं केलंस.

आज दुपारी सत्काराची मानसं घरी येनार. मी चुलीपुढं दिसले तर तुझी फजिती व्हईल. चार रोज मी येत न्हाई.

माझा फोटो पेटीतनं काढून भिंतीला लावलाय. हार तेवढा तू आन.

तुझी आई