होडी फार हळू आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

झाली! होडी पळायला लागली! किनाऱ्यावरून चढलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत बेटावरचा बाजार. तीन वर्षं आमच्या गेमबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच — चार मिनिटं होडीत नुसतं बसून काय करायचं? आणि तक्रार करणाऱ्यांची म्होरकी 'आत्याबाई'. हे तिचं खेळातलं नाव. खरी कोण, कुठली, देव जाणे. रोज सकाळी निरोप हजर: "होडी फार हळू आहे. तुमच्या ऑफिसात कुणी जागं असतं का?"

असतं हो, आत्याबाई! बाईसाहेबांच्या — म्हणजे आमच्या बॉसच्या — मानगुटीवर बसून मी हा बदल करून घेतला. संध्याकाळी खेळणाऱ्यांची गर्दी मार्चअखेरपर्यंत वाढली नाही तर गेम बंद, असं वरून आलंय. आता वाढेल. वाढलीच पाहिजे.

५ फेब्रुवारी, बुधवार

होडीबद्दल एकही तक्रार नाही! चष्मिषने चहा पाजला. (हा आमचा प्रोग्रामर. चष्मा कपाळावर चढवून टेबलाखाली शोधतो.)

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गर्दी वाढायची सोडून कमी झाली! बाईसाहेब म्हणाल्या, "बाजारात नवीन दुकानं टाका." टाकली. टोप्यांचं, कंदिलांचं. कुणी ढुंकून बघत नाही. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं चाललंय. पण म्हैस कुठली तेच कळत नाही.

आत्याबाईचाही निरोप नाही. एवढं केलं तिच्यासाठी, साधं 'बरं झालं' म्हणायला काय जातं? रागच आला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर आईचा फोन नाही. एरवी रोज यायचा — स्वयंपाकघरातला नळ गळतो, टपटप ऐकून डोकं उठतं, तुझ्या दादाला वेळ नाही. गेल्या रविवारी दादाने नळ बदलून दिला. आज मीच फोन केला.

"नळ छान आहे गं."

"बाकी काय?"

"बाकी काही नाही. तू कामात असशील ना?"

फोन ठेवला. तिला नळाचं पडलेलंच नव्हतं! तिला माझ्याशी बोलायचं होतं, नळ आपला निमित्ताला. मला आपलं वाटत होतं, किती कटकट करते.

आणि आत्याबाई?

१७ फेब्रुवारी, सोमवार

साध्या खेळाडूसारखी, खोटं नाव घेऊन गेममध्ये शिरले. होडीचा धक्का ओस. लोक येतात, गायब होतात, बाजारात उगवतात, खरेदी करून निघून जातात. धक्क्यावर एकटा 'टोपलीवाला' बसला होता. जुना खेळाडू. मी लिहिलं, "आत्याबाई दिसत नाहीत हल्ली?"

"त्या कशाला येतील आता?"

"का? बाजार तर जवळ आला."

"बाजारात त्या कधी उतरायच्याच नाहीत. होडीत बसून जायच्या, होडीत बसून यायच्या. आम्ही सगळे तिथेच गप्पा मारायचो. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं पोट बिघडलं. आत्याबाई होडीच्या नावाने बोटं मोडायच्या आणि आम्ही हसायचो."

इथे घोडं पेंड खातंय! आम्ही होडी पळवली आणि लोकांची बसायची जागाच काढून घेतली. ही चूक माझी आहे. मीच निस्तरणार.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाईसाहेब ऐकेनात. "लोकांनी मागितलं, आपण दिलं. आता परत काढून घ्यायचं? तोंड कुठे दाखवू मी?"

"मॅडम, मागितलं ते दिलं. हवं होतं ते गेलं."

"हे असलं मला बैठकीत सांगता येणार नाही."

संध्याकाळी आईला फोन करून बाईसाहेबांची यथेच्छ तक्रार केली. आई खुलली! "अशा बायकांना कसं सरळ करायचं ते मी सांगते तुला." बराच वेळ सांगत होती. एकही उपाय कामाचा नाही. उद्या परत करणार फोन.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाईसाहेबांकडे परत गेले. काल गेले होते, उद्याही जाईन. बाईसाहेब जिन्यात भेटल्या तर जिन्यात, लिफ्टमध्ये तर लिफ्टमध्ये. शेवटी त्यांनी हात टेकले. "दोन मिनिटं. चार नाही! सोमवारपासून एक आठवडा. गर्दी हलली नाही तर तू आणि मी दोघी गाशा गुंडाळू."

दोन तर दोन.

२४ फेब्रुवारी, सोमवार

होडी पुन्हा हळू. दुपारपर्यंत शिव्यांची लाखोली! "डोकं फिरलंय का?" "भांग पिऊन बदल करता का?" चष्मिषचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "अरे, शिव्या द्यायला का होईना, आलेत ना!" तो म्हणाला, "तू बरी आहेस ना?"

बरी आहे. यात आत्याबाई मात्र नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गर्दी हलली, पण जेमतेम. बाईसाहेब सोमवारी निर्णय देणार. धक्क्यावर थोडे जुने लोक दिसले. टोपलीवाला म्हणाला, "कळवलंय आत्याबाईंना. बघू." भीती वाटते, खोटं कशाला लिहू. पण बाईसाहेब नाही म्हणाल्या तर मी परत विचारणार. एवढं नक्की.

३ मार्च, सोमवार

सकाळी निरोप आला. जसाच्या तसा उतरवते —

"तुमच्या ऑफिसात कुणी जागं असतं का? होडी दोन मिनिटांत धक्क्याला लागते. काल आम्ही होडीभर माणसं बसलो होतो. टोपलीवाल्याच्या सुनेची गोष्ट ऐन रंगात आली आणि बेट आलं! ही काय पद्धत झाली? पूर्वीसारखी चार मिनिटं करा. तोवर आम्ही कुणी उतरणार नाही. — आत्याबाई"

चार केली. बाईसाहेबांना आता सांगायला जाते.