बंद बँकेतलं हॉटेल

३ फेब्रुवारी
समोरच्या बंद बँकेचं शटर आज वर गेलं. मला वाटलं चोर. चोर परवडला असता — धाकटी जाऊ निघाली. हॉटेल काढतेय म्हणे. या गल्लीत! बँक गेली, मग औषधांचं दुकान गेलं, मग बसनेही थांबा बदलला. मी आणि माझं शिवणयंत्र तेवढे उरलोय, तेही नवऱ्याने जाण्याआधी हे दुकान मालकीचं करून ठेवलं म्हणून. इथे जेवायला कोण येणार? मांजरं?

४ फेब्रुवारी
तिने लांबून हात केला. मी सुईत दोरा ओवत होते. दोरा आधीच ओवलेला होता, ते सोडा.

१९ फेब्रुवारी
हॉटेल सुरू. गिऱ्हाइकं दोन. एक माझा दीर, म्हणजे तिचाच नवरा. दुसरा पोस्टमन, त्याला तिने हाताला धरून आत नेलं.
अकरा वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आम्ही दोघींनी. शेवटी आमटी खारट कुणी केली यावरून वेगळं बिऱ्हाड. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं म्हणजे कुणाच्या लग्नात भेटलोच तर "बऱ्या आहात ना?" — बास.

७ मार्च
दुपारी तिच्या दारात रांग होती. मी काही मोजत बसले नाही. चौदा माणसं.
पोस्टमन सांगत होता, "बाई, पलीकडच्या सगळ्या ऑफिसांत मीच सांगितलं." पहिल्या दिवशी तिने फुकट पाजलेल्या सूपला जागला म्हणायचं.

२२ मार्च
तिच्याकडे जेवताना एका साहेबांच्या कोटाचं बटण तुटलं. तिने त्यांना इकडे पिटाळलं. "समोर आमच्या ताई आहेत. कोट फाटेल, पण त्यांनी लावलेलं बटण निघायचं नाही," असं म्हणाली म्हणे. तोंडावर कधी एक चांगला शब्द काढला नाही बयेने. बटण लावलं. शेजारचं सैल होतं, तेही घट्ट केलं.

१८ एप्रिल
गल्ली ओळखू येत नाही. कोपऱ्यावर न्हावी आला, त्याच्या शेजारी फुलवाली. रस्त्यावरचा दिवा लागला — तीन वर्षं अर्ज केले मी, आणि दिवा लागला धाकटीच्या गिऱ्हाइकांसाठी. माझ्याकडेही दोन आठवड्यांचं काम साचलंय. तरी काहीतरी तक्रार हवी, म्हणून पोस्टमनला म्हटलं, "फार गलका झालाय हल्ली."
"मग दार का उघडं ठेवता?" म्हणाला. आगाऊ.

३० एप्रिल
शेवटी गेले एकदाची. जेवायला नव्हे, पडदे कसे शिवलेत ते बघायला. वाईट शिवलेत. तिने न विचारता सूप पुढे ठेवलं आणि समोर उभी राहिली.
"मीठ?"
"बेताचं आहे," मी म्हटलं.
दोघी हसलो. आधी ती हसली, याची इथे नोंद असावी.
पडदे घेऊन आले. नीट करून देईन.

२ जून
सकाळी दुकान उघडायच्या आधीच धाकटी दारात. हातात एक कागद. घरमालकाने महिन्याच्या आत जागा रिकामी करायला सांगितली आहे. गल्ली चालायला लागली ना, आता त्याला तिथे मोठं शोरूम आणायचंय.
"ताई, ओसाड होतं तेव्हा हाच माणूस हात जोडत होता, कुणीतरी या म्हणून."
पाणी दिलं. पाठीवर हात ठेवायला हवा होता, ते ती गेल्यावर सुचलं.
दुपारी एका कोटाची बाही उलटी शिवली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

५ जून
यंत्र खिडकीशी सरकवलं. कापडाचं कपाट मागच्या भिंतीला नेलं. पुन्हा पुन्हा टेप लावून बघितला. मग रस्ता ओलांडला आणि तिला घेऊन आले.
"तुझी चार टेबलं बसतील इथे," मी म्हटलं.
तिने माझ्या गळ्यातला टेप काढून घेतला आणि स्वतः वाकून मोजलं.
"पाच बसतात, ताई."