निळी बोटं

६ एप्रिल

उमेरच्या बरगडीवर बोटं उमटलीत!

न्हाऊ घालायला कपडे काढले तर डाव्या काखेखाली चार निळे डाग. ओळीनं. पाठीकडं एक मोठा — अंगठा. कुणीतरी घट्ट आवळून धरल्यासारखं. नऊ महिन्यांचं लेकरू! आणि हा टबातलं पाणी उडवत हसतोय.

सासूबाईंना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "कुणी दाबलं गं ह्याला?"

घरात मोठी माणसं तीनच. मी, त्या आणि दस्तगीर. दस्तगीर होटगीला रेल्वेत, सकाळी जातो तो संध्याकाळीच उगवतो.

८ एप्रिल

डाग पिवळे पडत चाललेत. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, मनगटाला काळा दोरा बांधला. "नजर लागलीय. गोरं हाय की पोरगं." त्या मूळच्या वळसंगच्या. मराठी, दखनी, कन्नड, एका वाक्यात तिन्ही.

मी शाळेत पोरांना सांगते, नजर-बिजर काही नसतं. दोरा मात्र सोडला नाही.

११ एप्रिल

नवे डाग. मांडीवर, नडगीवर.

रविवार सोडून रोज उमेरला न्हाऊ घालायला निंगव्वा येते. शाळा सकाळची, त्यामुळं ती काय करते ते मी बघत नाही. म्हातारीचे हात दगडासारखे. आज शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेतलं आणि सरळ विचारलं. आधी हसली. मग अर्थ कळला तसे दोन्ही तळवे पुढं धरून उभी राहिली. "ना माडिल्ल, अव्वा. ना माडिल्ल." मी नाही केलं.

उद्यापासून येऊ नका म्हटलं. जाताना उमेरकडं बघितलं नाही तिनं. माझ्याकडंच बघत गेली.

१३ एप्रिल

निंगव्वा नाही. डाग आहेत.

१५ एप्रिल

रजा टाकली. दिवसभर उमेरला कुणाच्या हातात दिलं नाही. सासूबाईंनी हात पुढं केले, मी म्हटलं, पेंगतोय. पेंगत नव्हता.

बाहेर ऊन नुसतं जळत होतं. लाईट गेलेली, पंखा बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. उमेर पाळण्याला धरून उभा राहायला बघत होता. तोल गेला, मी झटकन काखेत धरून उचलला. तेवढंच.

दुपारी अंगडं काढलं. चार आणि एक.

काय मनात आलं कोण जाणे, मी माझी बोटं त्या डागांवर ठेवली. बसली! एकेक बोट आपापल्या जागी. अंगठासुद्धा.

मान वर केली तर सासूबाई दारात. किती वेळ उभ्या होत्या?

१६ एप्रिल

मी करते का हे? झोपेत? आठवत कसं नाही मग?

सासूबाई उमेरला घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या. आतून कडी. "तू जरा पड. तुला बरं वाटत न्हाय." इतका गोड आवाज त्यांनी माझ्याशी कधी काढला नव्हता.

१९ एप्रिल

दस्तगीर ठरवूनच आला. चार मेला उमेरची मुसलमानी, सुंता. शाळेला सुट्टी, सगळ्यांना यायला सोयीचं. पलीकडच्या गल्लीतले डॉक्टर करतात, पोरगं अर्ध्या तासात दूध पितं म्हणे. मटणाचं सांगूनही झालं.

सासूबाई म्हणाल्या, "एकदा पाक झालं की असलं काय जवळ येत न्हाय."

मलाही बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? नवे कपडे, गळ्यात हार, घर भरून माणसं. आमच्यात सगळ्यांचीच होते. त्यात विचार करायचं काय असतं?

२१ एप्रिल

अम्मीला फोन करून तारीख सांगितली.

"नको करू."

का?

"मोठा होऊ दे आधी."

पण का, अम्मी?

"मी येणार नाही." ठेवलाच फोन.

उमेर झाला तेव्हा त्याला पहिल्यांदा हातात घेऊन ती किती रडली होती! आम्हाला वाटलं आनंदानं. आज आठवलं, त्याआधी तिनं नर्सला दोनदा विचारलं होतं — "नक्की मुलगाच ना?"

२४ एप्रिल

उशी लाल. गालाखाली सगळी लाल, आणि तो तिच्यावर शांत झोपलेला. मी किंचाळले.

वरच्या ओठाच्या आत चीर आहे, नखाएवढी. पाळण्याचा दांडा लागला असेल. एवढ्याशा चिरेतून दिवसभर रक्त! थांबतं, दूध पितो, पुन्हा सुरू. हसला की दात लाल दिसतात. दोनच दात आहेत त्याला. सासूबाई त्या दातांकडं बघत नाहीत.

२६ एप्रिल

होटगीला गेले, अम्मीकडं. उमेरला मांडीवर घेऊनच बसले समोर. म्हटलं, सांगितल्याशिवाय उठणार नाही.

ती भिंतीकडं बघत बोलली. तुटक तुटक.

"तुझ्या नानीला आमच्याआधी दोन मुलं होती." मला हे माहीतच नव्हतं! "दोघांची एकाच दिवशी केली. धाकटा दिवस मावळेपर्यंत होता. थोरला तीन दिवस." "राख भरली, हळद भरली. लुगडी फाडून फाडून संपली." "गाव म्हणालं, ह्या घरातलं पाणी पिऊ नका." गाव सोडून नाना-नानी इकडं आले. मग तिघी बहिणी झाल्या — अम्मी आणि दोन खाला. प्रत्येक मुलीच्या वेळी नानीनं साखर वाटली. लोक हसायचे.

मी विचारलं, "त्यांना पण निळं व्हायचं?"

अम्मीनं पहिल्यांदा उमेरच्या दंडाकडं बघितलं. "नानी त्यांना उचलायला भ्यायची. म्हणायची, माझ्या हातात विख हाय."

मला आधी का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर तुला मागणी आली असती का?"

परत येताना उमेर माझ्या छातीशी झोपला. त्याला धरायचं कसं तेच कळेना.

२७ एप्रिल

दस्तगीरला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "जुना न्हावी, गंजका वस्तरा. आता डॉक्टर आहेत. माझी झाली, माझ्या बापाची झाली. कुणी मेलं?"

"तुमच्या घरात नाही हो. माझ्या घरात."

"म्हणून पोराला तसाच ठेवायचा? उद्या पोरं चिडवतील. लग्नाच्या वेळी काय सांगशील? आणि मी मेल्यावर त्यानं मला खांदा द्यायचा तो असा?"

तो रागानं बोलत नव्हता. घाबरून बोलत होता.

सासूबाई आतून म्हणाल्या, "म्हंजी हे तुझ्याकडनं आलंय व्हय."

२९ एप्रिल

सात रस्त्याजवळ मुलांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं एकटीच घेऊन गेले. त्यांनी डाग बघितले, ओठ बघितला. मी काही सांगायच्या आधीच विचारलं, "आईच्या माहेरी लहानपणी कुणी मुलगा गेलाय?"

म्हटलं, दोन.

रक्त काढलं. सुई टोचली तिथं नर्स कापूस दाबून बसली ती उठेचना. तरी तेवढ्यात तिथं निळा फुगा आला.

"एवढ्यात काही ठेवलंय का? कान टोचणं वगैरे?"

"चार तारखेला मुसलमानी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "रक्त पुण्याला जाईल तपासायला. तोपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका."

२ मे

हिमोफिलिया. रक्त गोठायला जे लागतं त्यातलं एक उमेरच्या अंगात जवळजवळ नाहीच. आईकडून येतं. मुलींना सहसा काही होत नाही, त्या फक्त पुढं देतात. नानी, अम्मी, मी.

डॉक्टर मला म्हणाले, "बोटं तुमचीच आहेत. पण तुम्ही दाबलं नाही. साधं उचललं तरी ह्याच्या आत रक्त पसरतं." सरकारी दवाखान्यात इंजेक्शन मिळतं, ते दिलं की थांबतं. जन्मभर लागणार.

आज दस्तगीरही सोबत आला होता. त्यानं हळूच विचारलं, "इंजेक्शन देऊन करता येईल?"

"येईल. मोठ्या दवाखान्यात, सगळी तयारी ठेवून. पण आज घाई काय आहे?"

येताना गाडीवर तो, रविवारचा कार्यक्रम रद्द करू, असं म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. भीती वाटली.

४ मे

माणसं आली! कुणी कुणालाच नको म्हणून कळवलं नव्हतं. अंगणात मांडव, मटणाचा वास. न्हाणीतून बाहेर आले तर उमेर जरीच्या टोपीत, गळ्यात मोगऱ्याचा हार, सासूबाईंच्या कडेवर. बायका त्याचे गाल ओढत होत्या. बोटं, बोटं, नुसती बोटं! मला माणसं दिसेनाशी झाली.

त्याला घेतलं आणि खोलीत शिरून कडी लावली.

दस्तगीरनं दार वाजवलं. "उघड. तमाशा करू नकोस." मग सासूबाई. बाहेर भांडी वाजत होती, पोरं ओरडत होती, दारापाशी मात्र कुणीतरी नुसतं उभं होतं. फटीतून सावली दिसायची. उमेर त्या सावलीकडं रांगत निघाला, हसत. मी त्याला मागं ओढलं. ओढलं! मग माझ्याच हातांकडं बघत बसले.

"बेटी." मौलाना होते. दस्तगीरनंच बोलावून आणलं होतं. "डॉक्टर काय म्हणाले ते मला सांग."

दाराआडून सांगितलं. नानीच्या दोन मुलांचंही.

ते म्हणाले, "जिवाला धोका असेल तर सक्ती नाही. आधी जीव."

दस्तगीरचा आवाज — "पण लोक आलेत, मौलाना. लोकांना काय सांगू?"

"लोकांना जेवायला वाढ."

मी कडी काढली. दस्तगीर भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडत होता. पाहुण्यांना सांगितलं, बाळाला ताप आहे, पुढं दवाखान्यात करू.

७ मे

दस्तगीर म्हणाला, "मोठा झाला की त्याचं तो ठरवेल." एवढंच वाक्य. मी त्याचा हात धरला.

सासूबाईंची एक अट. आजाराचं बाहेर कुणाला कळता कामा नये. "रक्त खराब हाय म्हणतील. पोराला कोण जवळ करणार?" दस्तगीरही मान हलवत होता.

म्हटलं, शमाला तरी सांगायला हवं. शमा माझ्या धाकट्या खालाची मुलगी, अक्कलकोटला दिलीय. गेल्याच आठवड्यात तिला मुलगा झाला. अम्मीला फोन लावला तर ती हात जोडल्यासारखी बोलली, "तिची सासू लई खवट आहे. ओली बाळंतीण, हाकलून देतील तिला. त्यांच्यात पाच-सहा वर्षांचा झाल्यावर करतात. वेळ आहे, बेटा. मी सांगेन तिला, माझ्या पद्धतीनं."

बरं म्हटलं.

११ मे

निंगव्वाच्या घरी गेले होते. कुलूप. लेकीकडं गेली म्हणे, इंडीकडं. परत येईल का ते शेजारणीला माहीत नाही.

१४ मे

आता घरात उमेरला कुणी चटकन उचलत नाही. खाली गोधड्या अंथरल्यात, पाळण्याच्या दांड्यांना चिंध्या गुंडाळल्यात. तो रांगत येतो, पायाशी बसतो, दोन्ही हात वर करतो. सासूबाई बघतात आणि हात पाठीमागं नेतात. दस्तगीरही. तो वाट बघतो. मग दुसऱ्याकडं जातो, पुन्हा हात वर. रडत नाही. एवढं न रडणं मला बघवत नाही.

मी जमिनीवरच आडवी होते. तो माझ्या अंगावर चढून झोपतो. मी हात लावत नाही.

१९ मे

शमाचा फोन आला. मागं बायकांचा कालवा. "आपा, सासऱ्यांना हजला जायच्या आधी उरकायचं होतं. सकाळी बाळाची मुसलमानी केली. रक्त थांबत नाही गं. आपल्यात कुणाला असं झालं होतं का?"

सासूबाई समोरच होत्या. मी म्हटलं, हो. त्याला घेऊन आत्ताच्या आत्ता इकडं निघ.

मी दवाखान्यात आलेय. इंजेक्शन तयार आहे. वाटेतलं वळसंग ओलांडलं म्हणून शमाचा फोन आला होता. त्यानंतर नाही.