पिवळ्या डब्यातल्या भारी गोळ्या

कळंबा
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

लाडकी नात रूपाली हिला आज्जीचा जयभीम.

मी बरी हाय. तू बरी असशील. नेमबाजीच्या कॅम्पात तुमचं फोन काढून घेत्यात म्हनून हे पत्र. केरबा टेम्पो घिऊन तिकडंच चाललाय. त्याला सांगितलंय, पोरीच्याच हातात दे, सायबाच्या न्हवं. वळीवर वळ चढली असंल, चौथीपतोरची शाळा माझी, लावून वाच.

शेळी व्याली. दोन पिल्लं. शेजारची मेहक इचारत हुती, रूपालीताईची मॅच मोबाईलवर दिसंल काय. म्हटलं, तीनशे मीटरवर गोळी जाती, तुला काय दिसनार डोंबल.

आता कामाचं. पिवळ्या डब्यातली गोळी बंदुकीत घालू नको. रविवारी मॅचला नको, सरावालाबी नको.

का, ते सांगते. दिवाळीत तू गोळ्यांची पिशवी आनलीस. नुसती तांब्याची टोकं, दारू न्हाय काय न्हाय. दोन कंपन्यांची मिसळलेली, दिसायला सारखी, वजनाला दोन तांदळांचा फरक. म्हनालीस, "आज्जी, हुपरीत तीस वर्सं चांदीची घुंगरं तोललीस, तुझ्यागत हात कुनाचा न्हाय. भारी भारी तेवढ्या पिवळ्या डब्यात घाल, त्याच मी मॅचला मारतो." आनि गेलीस उडत.

भारी म्हंजे झकास, एवढं मला कळत न्हाय व्हय? पर तोलायला बसलं की माझ्या लेखी भारी म्हंजे जड. जड तेवढ्या पिवळ्यात टाकल्या, हलक्या निळ्यात.

मग तुमच्या क्लबातला यल्लाप्पा डबे न्यायला आला.

"आज्जी, पिवळ्यात सगळ्या भारी हायत न्हवं?"

"एकूण एक भारी. इस्वास न्हाय काय माझ्यावर?"

"तसं न्हवं वो. दारू मीच भरनार, बोलनी मलाच बसत्यात."

हसला. मीबी हसले. च्या पिताना सांगत हुता, जड गोळीला दारू कमी लागती, हलकीला जास्त, रूपालीचं माप हलक्या गोळीचं हाय. जास्त दारूवर जड गोळी बसली तर बंदुकीचा मागचा बोल्ट त्वांडावर येतोय म्हना. मी व्हय व्हय केलं. ध्यान शेळीकडं हुतं.

शनवारी तू कॅम्पाच्या हापिसातनं फोन केलास. "आज्जी, पिवळ्यातली एक मारून बघितली. लई धक्का बसला. बोल्ट उघडंना, तळहातानं हानावा लागला. काडतुसाचं बूड चपटं झालंय."

मी म्हटलं, तेल घाल.

सोमवारी मेहक नवा ड्रेस घिऊन आली. "आज्जी, भारी हाय काय?" मी हातात घेतला. पिसागत हलका. तवा कळलं, तुझ्या भारी म्हंजे मापाला बसत्यात त्या हलक्या, आनि मी पिवळ्यात जड भरल्या.

सोमवारी. आज गुरुवार हाय. तुमच्या हापिसाचा नंबर भित्तीवर लिवलेला हाय, तरी तीन दिस मी गप. म्हटलं असतं पिवळ्यातल्या मारू नका, तर सायेब म्हनला असता, बरं, निळ्यातल्या मारू.

निळ्यातल्याबी मारू नको, रूपे.

काट्यावर तोलल्या म्हटलं ते खोटं. आषाढापासनं काट्यावरचा आकडा मला दिसत न्हाय. दोन्ही डोळ्यांत पडदा आलाय. तू लगीच दवाखान्यात वडत न्हेली असतीस आनि गोळ्या दुसऱ्या कुनाला दिल्या असत्यास. म्हनून सगळ्या तळहातावर तोलल्या. वाटलं, तीस वर्साचा हात, इसरतोय व्हय? काल पेटीतली दहा घुंगरं अशीच हातानं निवडली आनि मेहकला काट्यावर ठिवाय लावली. तीन चुकली. दहात तीन. निळ्यात जड किती गेल्यात, कुठल्या, ते मला सांगता येत न्हाय.

रविवारची मॅच जाऊ दे. वरीसभर त्यासाठी मेलीस, मला म्हाईत हाय. माझ्या नावानं बोंबल. अख्ख्या कॅम्पाला सांग, आज्जी आंधळी झाली आनि कबूल केलं न्हाय. पर त्या बोल्टाशी गाल लावून, पालथी निजून नेम धरतीस तू. डोळा त्याच्या म्होरंच असतोय.

आज सकाळी मेहककडनं हापिसाला फोन लावला. चारदा वाजून वाजून बंद पडला. सकाळी सराव असतोय, सगळी मैदानावर असतील. पर हापिसात एकबी मानूस नसतंय व्हय? सगळीच्या सगळी कशाला पळतील मैदानावर?

केरबा हॉर्न मारालाय. दोन्ही डबे त्याच्याकडं दे, भरलेल्या यल्लाप्पाला मोडाय सांग. आनि पत्र मिळालं म्हनून एक वळ तुझ्या हातानं लिवून दे. केरबाच्या तोंडचा निरोप मी ऐकनार न्हाय. मोठ्या अक्षरात लिव. मला वाचाय आलं पायजे.

दारात बसलेली,
तुझी आज्जी मीनाबाई